दात पाहणं

रविवारी दवाखाना बंद.
लोखंडी खोड्यात आज जनावर नाही,
मोटरसायकल उभी आहे मधल्या स्टँडवर,
मागचं चाक जमिनीपासून चार बोटं वर.
फैजपूरचा मे, सकाळचे साडेनऊ,
उन्हात राहिलेला पाना हातात धरवत नाही.

वरणगाव फॅक्टरीतला साहेब बदलीवर जाताना
अर्ध्या किमतीत देऊन गेला ही गाडी.
म्हणाला, डॉक्टरीणबाई, हिला साखळी नाही, कटकट नाही.
साखळी सैल पडली की खडखडते,
सुकली की किरकिरते, शिव्या तरी खाते.
शाफ्ट बोलत नाही.
नळीच्या अंधारात दातात दात धरून फिरत राहतो
आणि एक दिवस रावेरच्या अलीकडे
इंजिन धावतं, चाक ऐकत नाही.
त्याच दिवशी कुणाची तरी गाय अडलेली असणार.

सोपान कोळंबे, शिपाई, सुट्टी असून आलाय.
तेल घमेल्यात काढलं, काकवीसारखं, तिच्याहून सावकाश.
ब्रेकचा दांडा सोडला, आस ओढली, चाक भिंतीला.
चार नटांतले तीन शहाणे निघाले.
चौथ्याच्या पान्यावर सोपानने पाय दिला,
मी देवाचं नाव घेतलं नाही, दुसरंच काही म्हणाले.
सुटला.

जिथं ग्रीस काळं असायचं तिथं तांबडी भुकटी,
खरजेची खपली निघावी तशी.
डिझेल आणि जुना टूथब्रश, एकेक खाच.

मग बाजारात बैलाचा ओठ वर करून पाहतात तसं पाहिलं.
आदत, दोन दाती, चौसा, जुळलेला.
माथे सपाट हवेत.
धार आली असेल तर झिजलेत,
एका अंगाला कलले असतील तर विषयच संपला.
मी अठरा मोजले, सोपानने एकोणीस.
पुन्हा मोजले, भांडण मिटलं नाही.
नख फिरवलं. कड लागली, टोचली नाही.
"जुयेल हाये," सोपान म्हणाला, "आजून नांगराले चालीन."

पेस्ट जळगावच्या बेअरिंगच्या दुकानातली.
मॉलीचीच हवी म्हटल्यावर दुकानदारानं विचारलं होतं,
साहेब कुठं आहेत?
म्हटलं, साहेब मीच.
ही भाकरीवरच्या तुपासारखी लावायची नसते,
काजळाइतकीच. जास्त झाली की उडून सीलवर बसते.

आता परत बसवणं, आणि इथं टॉर्च कामाची नाही.
रबरी बूट आड येतो, शाफ्टचं तोंड खाली झुकतं.
मी डोळे मिटते.
ही सवय आहे. हा हात खांद्यापर्यंत आत जातो
रोज कुणा ना कुणाच्या, तिथं कुणी दिवा लावून देत नाही.
खूर की गुडघा, मान सरळ की वळलेली,
बोटांनाच दिसतं.
ओढायचं नसतं. कळ येईपर्यंत थांबायचं,
मग कळेबरोबर जायचं.
लोखंडाला कळ येत नाही, एवढाच फरक.
गाडी पहिल्या गिअरमध्ये, पुढचं टोक घट्ट,
हलायचं ते आम्हीच.
सोपान तुंबा केसभर फिरवतो. अजून केसभर.
पेस्ट मनगटापर्यंत आली.
"डोये उघडा व मॅडम."
नको.
अजून अर्धा केस.

आवाज झाला नाही.
फक्त वजन माझ्या हातावरून उतरलं.

नट आवळले, नवं तेल भरलं,
तेवढ्यात फोन. खिरोदा. म्हैस, दुसरं वेत,
एकच पाय बाहेर, पहाटेपासून.
साबणाने काळं निघत नाही, मातीने नाही.
राहू दे, वरून लांब हातमोजा चढेल.

बटण दाबलं तेव्हा सोपान वाटीत बघत होता.
तांब्याचा एक वॉशर.
जुना, की आजचा?
त्याने माझ्याकडे पाहिलं, मी खिरोद्याच्या रस्त्याकडे.
वॉशर त्याने खिशात टाकला
आणि मागे बसला.